थार घ्यायचीय? आधी मागच्या सीटवर बसा

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. मी कोरेगावचा, वय ३४. बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र आहे. दर पंधरवड्याला पुण्याला जाणं होतं. मळा ओढ्यापलीकडे असल्यानं पावसाळ्यात अर्धा-पाऊण किलोमीटर काळ्या चिखलातून जावं लागतं. जुनी हॅचबॅक आहे, ती बदलायचीय. साताऱ्यात महिंद्राच्या तीन दारांच्या थारची टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. वडील म्हणतात, एवढे पैसे घालून बैलगाडी कशाला आणतोस? एक मित्र म्हणतो वळणावर पलटी खाते, दुसरा म्हणतो रणगाडा आहे, काही होत नाही. आईचे गुडघे दुखतात, सहा वर्षांच्या मुलीला घाटात उलट्या होतात. बायको काही बोलत नाही. डांबरी रस्त्यावर ही गाडी खरंच वाईट चालते का? मोठे टायर टाकले तर फरक पडेल का? आणि या वयात गाडीचं एवढं वेड बरं का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर :

नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. वेड बरं. चौतिसाव्या वर्षी माणसाला कसलंच वेड नसेल तर घरच्यांनी काळजी करावी. आणि आपल्या जिल्ह्यात जीपगाडीचं वेड काही आभाळातून पडलेलं नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव आपल्याच तालुक्याशेजारी. सुट्टीवर आलेल्या फौजी मामा-काकांकडून जोंगा आणि जिप्सी या लष्करी गाड्यांच्या गोष्टी ऐकत आपल्याकडची पोरं मोठी झाली. शिवाय वडाप, म्हणजे गावोगावची खच्चून भरलेली जीप, आहेच. मागच्या फळीवर एक पाय टेकवून, दुसरा हवेत ठेवून ज्यानं शाळा-कॉलेज केलं, त्याला ताठ बॉनेटची गाडी दिसली की मान वळणारच.

हे गावाकडचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्याला मर्सिडीजची जी-क्लास दाखवा. १९७९ पासून ती पत्र्याच्या पेटीसारखीच दिसते आणि तशीच दिसावी म्हणून लोक कोट्यवधी मोजतात. तिच्या एएमजी जी-६३ मध्ये ५८५ अश्वशक्तीचं इंजिन आहे, गाडीचं वजन अडीच टनांच्या वर. ती घेणारे बहुतेकजण तिला फुटपाथच्या कडेपेक्षा उंच काही चढायला लावत नाहीत. तुमच्याकडे निदान ओढा तरी आहे.

आकर्षण नुसत्या दिसण्याचं असतं असंही नाही. उंच बसल्यावर बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात, मोती चौकातल्या गर्दीत गाडी कुठं संपते ते नेमकं कळतं. हॅचबॅक ज्या गतिरोधकावर तिरकी घालून, श्वास रोखून काढावी लागते, तिथून ही गाडी सरळ जाते. २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, रोजच्या जगण्यात फार मोठी चैन आहे, विशेषतः आपल्या रस्त्यांवर. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हमध्ये तुम्हाला जे आवडलं ते खोटं नव्हतं. फक्त टेस्ट ड्राइव्ह शोरूमपासून हायवेच्या सर्व्हिस रोडपर्यंत झाली असणार, आणि ती गाडी तुम्ही चालवत होता. मागे कोणी बसलं होतं का?

आता वडिलांकडे येऊ. त्यांचा राग बाजूला ठेवला तर त्यांची तक्रार यंत्राच्या दृष्टीनं बरोबर आहे. तुमच्या हॅचबॅकमध्ये बॉडी आणि चासी हा एकच डबा असतो. थार, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या गाड्या वेगळ्या चासीवर बांधलेल्या. खाली पोलादी चौकट, तिच्यावर रबरी बुश ठेवून बॉडी बोल्टानं आवळलेली. थारला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, पण मागे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग ॲक्सल आहे. २०१० साली आलेल्या जुन्या थारला मागे ट्रकसारखे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) होते, २०२० च्या थारला कॉइल स्प्रिंग आल्या आणि फरक बराच पडला, तरी ॲक्सल सलगच राहिला. जिमनीला तर पुढेही तसाच.

चिखलात, दगडात हा सलग ॲक्सल सोन्यासारखा. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. पण डांबरावर हाच गुण नडतो. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही त्याचा दणका बसतो, आणि भर वळणात पुलाचा जॉइंट आला तर मागचा भाग किंचित बाजूला उडतो. पहिल्यांदा अनुभव येतो तेव्हा पोटात गोळा येतो. हॅचबॅकची सवय असलेला माणूस घाबरून ब्रेक दाबतो, आणि भर वळणात ब्रेक दाबणं हे त्या क्षणी करायचं सगळ्यात चुकीचं काम.

तुमचे दोन्ही मित्र अर्धवट बोलतायत. पलटीचं गणित साधं आहे : डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, भागिले गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेच्या सरकारी मोजमापात साध्या कारचा हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हीचा १ ते १.३. आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर कलंडते. म्हणजे उंच गाडीला धोका जास्त, हे खरं. पण नुसतं वळण घेताना गाडी सहसा पलटी होत नाही. ती होते चाकाला अडथळा लागला की.

आपल्याकडे हा अडथळा म्हणजे साइडपट्टी. कोरेगाव-रहिमतपूर रस्ता डोळ्यासमोर आणा. डांबराचा थर वर, साइडपट्टी वीतभर खाली, पावसानं कड खाल्लेली. रात्रीची वेळ, कारखाने सुरू झालेले, समोर उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. पहिलीच्या मागे रिफ्लेक्टर नाही, दुसरीच्या मागे पोतं लटकतंय. तुम्ही ओव्हरटेक करायला निघता, समोरून दुचाकीचा एकच दिवा येतो, तुम्ही डावीकडे घेता आणि डावी चाकं डांबरावरून खाली उतरतात. इथपर्यंत काही झालेलं नसतं. अपघात होतो तो पुढच्या सेकंदाला, माणूस दचकून स्टेअरिंग उजवीकडे ओढतो तेव्हा. चाक डांबराच्या कडेला घासत राहतं, मग अचानक वर चढतं, गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला झेपावते, माणूस पुन्हा डावीकडे ओढतो. या दुसऱ्या हिसक्याला उंच गाडी टिकत नाही. त्या वेळी काय करायचं ते आत्ताच डोक्यात बसवून ठेवा : ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकला हात नाही म्हणजे पाय नाही लावायचा, स्टेअरिंग सरळ धरून गाडी साइडपट्टीवरच हळू होऊ द्यायची, वेग पडला की मग वर घ्यायची. ट्रॉली गेली तर जाऊ दे, कारखान्यापर्यंतच जाणार आहे ती.

गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅम (ईएसपी) असेल तर तो अशा वेळी एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरायला पाहतो. म्हणून व्हेरिएंट निवडताना सनरूफ, स्क्रीन वगैरे नंतर बघा, ईएसपी आहे का ते आधी विचारा. सेल्समनला विचारून समाधान मानू नका, माहितीपत्रकात तुमच्याच व्हेरिएंटच्या रकान्यात बोट ठेवून बघा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. जुनी जीप किंवा कमांडर रस्त्यावर आजच्या थारपेक्षा कितीतरी वाईट चालायची. स्टेअरिंगला चार बोटं झोल, पाटे कडक, ब्रेक देवाच्या भरवशावर. पण ती स्वतःच पळत नव्हती. सत्तर-ऐंशीच्या पुढे इंजिन एवढं बोंबलायचं की ड्रायव्हरच पाय उचलायचा. कमकुवत इंजिन हाच तिचा सगळ्यात चांगला ब्रेक होता. तुम्ही चालवलीत ती पेट्रोल टर्बो असेल तर तिच्यात दीडशेच्या घरात अश्वशक्ती आहे, टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ३०० न्यूटन-मीटर. वाढे फाट्याला हायवेवर चढलात की लिंब खिंडीपर्यंत काटा शंभरच्या पुढे गेलेला तुम्हाला कळणारही नाही. चासी सुधारली, पण इंजिन तिच्या पुढे निघून गेलं. या गाड्यांचा धोका त्या दोघांमधल्या अंतरात आहे. गाडी पळायला कधीच नाही म्हणत नाही, वळताना आणि थांबताना मात्र तिचं वजन आणि उंची आठवते.

वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ४० च्या ऐवजी ६० नं तेच वळण घेतलं तर जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा सोडल्यावरचं एस वळण तुम्हाला ठाऊक आहेच. उतार आहे, एकापाठोपाठ उलट दिशेची वळणं आहेत. तिथं कितीतरी ट्रक आडवे झालेले जिल्ह्यानं पाहिलेत. उंच गाडी पहिल्या वळणात एका अंगाला कलते, आणि ती सरळ होण्याआधीच दुसरं वळण तिला उलट्या अंगाला ढकलतं. तुमची हॅचबॅक तिथं ज्या वेगानं गुपचूप जाते, त्याच वेगानं थार गेली तर स्टेअरिंगवरच्या हाताला घाम येईल. उपाय अवघड नाही. ब्रेक सगळा सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी लावून घ्यायचा. वळणात शिरताना स्टेअरिंग हळूहळू फिरवायचं, म्हणजे गाडी एकदाच कलते आणि तशीच स्थिर राहते. मग हलका ॲक्सिलरेटर देत बाहेर यायचं. ज्या ड्रायव्हरांनी पसरणी घाटात आयुष्य काढलं ते असंच चालवतात, कुणी शिकवलेलं नसताना.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. सपाट बाजूंची उंच गाडी वारा अंगावर घेते. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिकडे किंवा हायवेवर मोठ्या कंटेनरच्या शेजारून जाताना गाडी हातभर सरकल्यासारखी वाटते. दोन्ही हात स्टेअरिंगवर असले की झालं.

फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो दांडा ओढून बघण्याचा मोह होईल. थार, जिमनी यांची व्यवस्था अशी आहे की ‘फोर हाय’ लावल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मागच्यांना कमी. मातीत चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. सुक्या डांबरावर चाकाला घसरता येत नाही, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते. म्हणून डांबरावर टू-व्हील, चिखल आणि खडीवर फोर हाय, आणि ओढ्याच्या चढावर, गच्च रुतायला लागल्यावर ‘फोर लो’, म्हणजे चारही चाकं पण वेग कमी, जोर जास्त. आणखी एक, थारच्या १.५ लिटर डिझेलला फक्त मागची चाकं चालतात. तुमच्या काळ्या मातीत ती गाडी तुमच्या हॅचबॅकपेक्षा फार पुढे जाणार नाही, फक्त जास्त रुबाबात रुतेल.

आता मागची सीट. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट ढकलून, एक पाय उंच पायरीवर, डोकं वाकवून, अंग तिरकं करून आत शिरायचं. उतरताना हेच उलटं, आणि उतरताना गुडघ्यावर सगळा भार. तुमच्या आई हे पहिल्या दिवशी कौतुकानं करतील. दुसऱ्या वेळी म्हणतील, तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी. त्यांना पुढे बसवलंत तर बायको आणि मुलगी मागे, आणि मागची सीट जवळजवळ ॲक्सलच्या डोक्यावर. दणके तिथं सगळ्यात जास्त, खिडकी उघडत नाही, बाहेरचं फारसं दिसत नाही. घाटात उलटी होणाऱ्या पोरीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. बॅगा ठेवायला जागा नाही, हे वेगळंच.

पत्रात सगळ्यांची मतं लिहिलीत, वडिलांचं, दोन मित्रांचं. बायकोच्या वाट्याला तीन शब्द आले : काही बोलत नाही. माझ्या अंदाजानं त्या बोलल्या आहेत, तुम्ही तेव्हा फोनवर गाडीचे व्हिडिओ बघत असाल. मागे बसणार त्या आहेत. म्हणून शोरूमला सांगा, मोठी टेस्ट ड्राइव्ह हवी, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून परत. चढताना बायकोला चालवायला द्या, येत असेल तर. नसेल तर शोरूमचा माणूस चालवेल. तुम्ही मुलीला घेऊन मागे बसा. पुढे आई. कासपर्यंत जायची गरज नाही, यवतेश्वरच्या वळणांतच उत्तर मिळेल. (गेलातच आणि फुलांचा मोसम असला तर गाडी पार्किंगमध्ये. पठाराचा सडा हा ऑफ-रोडिंगचा ट्रॅक नाही. चाकाखाली एकदा दबलेली ती मातीची पातळ चादर सहजी पुन्हा धरत नाही.)

घ्यायचं काय, ते सांगतो. घरात एकच गाडी राहणार असेल तर तीन दारांची थार घेऊ नका. थार रॉक्स बघा. ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली, पाच दारांची, आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २८५० मिलिमीटर आहे, तीन दारांच्या थारचं २४५०. या ४० सेंटिमीटरनी हायवेवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लांब गाडी सरळ रेषेत शांत राहते, दणका आधी पुढच्यांना आणि मग सावकाश मागच्यांना पोचतो. मागच्या ॲक्सलला स्कॉर्पिओ-एनसारखं वॅट्स लिंकेज, म्हणजे ॲक्सल बाजूला सरकू न देणारी दांड्यांची जोडणी, दिलंय, त्यामुळे वळणात मागचा भाग बाजूला उडण्याचा जो प्रकार वर सांगितला तो कमी होतो. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे. पण मळ्यासाठी फोर बाय फोर हवं असेल तर डिझेल घ्यावं लागेल, आणि पायरी उंचच आहे, आईसाठी साइड स्टेप बसवून घ्या. कमी वेगात खड्ड्यांतले आडवे हेलकावे तिथंही आहेत, वडील बैलगाडी म्हणायचे थांबणार नाहीत.

दुसरी जिमनी. १०५ अश्वशक्ती म्हणून लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर उंच, अरुंद, दोन्हीकडे सलग ॲक्सल असलेल्या गाडीला तेवढीच ताकद शोभते. वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात ती कमी रुतते, आणि रुतली तर चार माणसं ढकलू शकतात. हायवेवर ओव्हरटेकला धीर धरावा लागेल. पण पंधरवड्यातून एकदा पुणं, त्यासाठी रोज घोडदळ पोसायची गरज नाही.

आणि मन तीन दारांवरच अडलं असेल तर हॅचबॅक विकू नका. तिचे असे किती येणार आहेत? आई, मुलगी, पुणं यांच्यासाठी ती राहू द्या आणि थार वापरलेली बघा, फोर बाय फोरच. वापरलेली बघताना वरच्या रंगापेक्षा खाली झोपून चासी बघा, वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर उठा आणि घरी या. टायर एका बाजूनं जास्त घासलेत का, दांडा फोर लोमध्ये बिनतक्रार पडतो का, कार्पेटखाली चिखलाचा वास येतो का, एवढं बघितलंत तरी निम्मी बिंगं फुटतात.

राहिले मोठे टायर. फरक पडेल, पण उलटा. जाड नक्षीचे मड टायर ओल्या डांबरावर कमी पकडतात, थांबायला जास्त अंतर घेतात आणि शिरवळच्या पुढे गेलात की गाणी ऐकू येत नाहीत. कंपनीचेच टायर ठेवा, हवा दाराच्या कडेला चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे. चिखलापुरती कमी केलीत तर डांबरावर चढण्याआधी पुन्हा भरा. लिफ्ट किट लावून गाडी उंच करणं म्हणजे वर सांगितलेल्या पलटीच्या गणितातला छेद स्वतःच्या हातानं वाढवणं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही, मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. एअरबॅग कधी उघडायची हा हिशेब ज्या पुढच्या पत्र्यावर बसवलेला असतो, तो पाइप तिथंच आडवा येतो.

नंबर ४१४१ घ्यायचा तर खुशाल घ्या. त्याचा ‘दादा’ मात्र करता येणार नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ठोकळेबाज प्लेट कंपनीकडूनच येते.